घोरपडीची शेपटी

डार्विन, उत्तर ऑस्ट्रेलिया, ३ एप्रिल

ती. स्व. मॉडीमावशीस,
लिओनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गोष्टीतली घोरपड अखेर कागदावर उतरली! बाराही चित्रं सोबत आहेत. मजकूर आपल्या आदिवासी भाषेत, तू सांगितलास तसाच, चित्रं माझी. महिनाअखेरीस पुस्तक छापायला जायचंय, पण गोष्ट तुझी. तू हो म्हटल्याशिवाय एक पानही छापणार नाही. माझी शनेल पाच वर्षांची झाली, तरी आपल्या भाषेतले दोन शब्द तिच्या तोंडून निघत नाहीत. मला हे पुस्तक तिच्यासाठी हवंय. पुस्तकं काढणाऱ्या आमच्या कचेरीत सगळ्यांनी चित्रांचं फार कौतुक केलं. लवकर कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
लिओनी

नदीकाठ, १० एप्रिल

चि. लिओनीस अ. आ.

फोनवर हसू आवरेना, म्हणून लिहितेय. चित्रं झाडाखाली मांडून आम्ही सहाजणी बसलो. मजकूर बिनचूक. पण बये, ती घोरपड! बिचारी आजारी आहे का, असं डॉर्कसने विचारलं. रोझलिन म्हणाली, एवढ्याशासाठी खणायची काठी कोण उचलणार! पावसाळा सरताना शेपटी बुडाशी चरबीने कशी टम्म हवी. तुझी नुसती वाळकी काटकी. अगं, गोष्टीत तिच्यामागे अख्खी वस्ती धावते. हिच्यामागे कुत्रंही धावणार नाही.

तेव्हा माझा नकार समज. जन्मात घोरपड खणून काढली नाहीस, ते पानापानावर दिसतंय. शनिवारी पोरीला घेऊन ये. पीठ नि चहापत्ती आण, कचेरीचं कौतुक तिथेच ठेव.

रागावलीस तरी येशीलच.
तुझी मावशी

डार्विन, २२ एप्रिल

ती. स्व. मावशीस शि. सा. न.

हाताचे फोड अजून बसले नाहीत. मी चार बिळं उकरली, चारही रिकामी, आणि तुम्ही सहाजणी सावलीत बसून खिदळत होतात! पाचवं तू दाखवलंस. भाजलेली शेपटी, थोरलीच्या मानाचा वाटा, तू शनेलला दिलीस, तेव्हा तिच्या कोपरापर्यंत चरबी ओघळली होती.

नवं चित्र सोबत आहे. काल ते टेबलावर वाळत होतं. शनेल आली, शेपटीवर पंजा ठेवला आणि शेपटी माझी म्हणून ओरडली. आपल्या भाषेत! मी शिकवलं नव्हतं गं. तिथेच बसून रडले. शेपटीवरचा पंज्याचा ठसा मी पुसलेला नाही. आता तरी हो म्हण.

लिओनी

नदीकाठ, २९ एप्रिल

चि. लिओनीस अ. आ.

छाप. चित्र बघून सहाजणींना भूक लागली, आणखी काय हवं?

शनेलला मात्र बजावून सांग, त्या दिवशी ती पाहुणी होती म्हणून दिली. पुस्तकातली शेपटी माझी. भांडायचं असेल तर तिने इथे यावं, आणि आपल्या भाषेत भांडावं.

मावशी