मुलाखतीत फोन बंद ठेवावा

६ नोव्हेंबर, गुरुवार
साप्ताहिक सुटी. भोसरीतील वीज गुरुवारच्या व्रताप्रमाणे अंतर्धान पावलेली. अशा सुमुहूर्तावर भाची केतकी जिना चढून वर आली आणि तिने मला एकोणीस वर्षांची युवती केले.

प्रकरण असे. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातील तिच्या मॅडमनी संशोधन आरंभिले आहे: प्रेमात पडलेल्या तरुण मुलामुलींतील आक्रमकता व छळ. चाकणच्या कंपन्यांत कामाला येऊन खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलींना केतकीने प्रश्न विचारायचे. तत्पूर्वी सराव हवा. माझी पात्रता: वय बावन्न, आजन्म ब्रह्मचर्य, दर्जा तपासणी विभाग. तरी भूमिका स्वीकारली. नाव सुरेखा, कंपनीत पार्ट पॅक करणारी.

संमतिपत्र मीच मंगलाष्टकांच्या चालीवर गायलो. 'येथे बोललेले अन्यत्र सांगितले जाणार नाही, शुभमंगल सावधान.' के. हसून लोळली.

"सुरेखा, तो तुझा फोन तपासतो का गं?"

"तपासू दे. बँकेचे संदेश आणि सुप्रभाताची फुले. त्यालाच वैराग्य येईल."

मध्येच भावी जामात चि. ओंकार यांचा व्हिडिओ कॉल. "मामाच आहे रे, बघ. मामा, हात हलव." हलवला. मग तिने फोन खोलीभर फिरवला. कपाट, खिडकी, दोरीवरचे माझे बनियन. प्रेमिकांचे कुतूहल व्यापक असते, एवढे ज्ञान संपादन केले.

९ नोव्हेंबर, रविवार
ओंकारच्या मातोश्री चाकणहून साड्यांच्या वाटाघाटींसाठी आल्या. "आमच्या ओंकारचा लई जीव हाय तिच्यावर. फोन न्हाई लागला तर जेवत न्हाई पोरगं." तो फोनही त्यानेच साखरपुड्यात दिलेला, हल्ली अंगठीबरोबर देतात. ताई, म्हणजे केतकीची आई, कृतकृत्य. "आमच्या वेळी लग्नापर्यंत ह्यांचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता हो."

साखरपुड्याच्या सूत्रसंचालनातील माझा विनोद लोकाग्रहास्तव पुनश्च सादर केला: "ओंकार केतकीभोवती घालतो, इतक्या प्रदक्षिणा पृथ्वीला चंद्रही घालीत नाही!" प्रचंड हशा. के. चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीही हसली. सर्वांच्या किंचित नंतर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दुसरा सराव. मॅडमचे म्हणणे असे की विचारणाऱ्याने एकदा उत्तर देणाऱ्याच्या जागी बसून पाहावे. म्हणून मी संशोधक, के. सुरेखा. मी चष्मा नाकाच्या टोकावर आणून विद्वत्तेचा आविर्भाव केला.

"कुमारी सुरेखा, त्याने आपणावर कधी हात उगारला?"

"एकदाच."

"कोठे?"

"गाडीत. मोशीच्या सिग्नलला. हात नाही, मोबाइलच. इथे." तिने कानामागे बोट नेले. "नंतर रडला खूप. पाया पडला. पेढे आणले."

अभिनय उत्कृष्ट, असे म्हणणार होतो. पण प्रश्नावलीत पुढचा प्रश्न छापलेला होता, तो वाचला. "त्याआधी काय घडले होते?"

"फोन बंद होता माझा. एका मुलीची मुलाखत चालली होती. मुलाखतीत फोन बंदच ठेवावा लागतो ना."

सुरेखा मुलाखती घेत नाही. सुरेखा कंपनीत पार्ट पॅक करते.

कागद खाली ठेवला. "केतकी."

"मी सुरेखा आहे, मामा."

"केतकी, बाळ..."

"अन्यत्र सांगितले जाणार नाही. गाऊन दाखवलंस ना तू?" आणि खाली गेली. पायऱ्यांवरच तिचा फोन वाजला. "हो रे, मामाकडेच होते. हो. हो. सॉरी."

१४ नोव्हेंबर
कंपनी. सायंकाळी पाळी सुटताना एक सहकारी: "काय राव, आज जोक नाही?"

"कच्चा माल आला नाही," म्हणालो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ताईची आज्ञा: मंगलाष्टके मीच रचावीत. "आणि श्रीधर, बोहल्यावर तिला तूच आणायचंस. मामाचा मान आहे. फेटा बांधायचा हं, तुझं ते टक्कल दिसायला नको फोटोत."

शार्दूलविक्रीडितात बसलो. 'लाभो सौख्य' एवढे लिहून झाले. पुढची अक्षरे गणांत बसतात, कागदावर उतरत नाहीत.

धीर करून खाली गेलो. ताई तांदूळ निवडत होती. भाऊजी दुसऱ्या पाळीला.

"ताई, हा मुलगा..."

"काय?"

"उंच आहे."

"मग चांगलंच की!"

मंगल कार्यालयांत सहस्र लोकांसमोर न अडखळणारी ही जिव्हा.

२० नोव्हेंबर, गुरुवार
के. ला जिन्यात गाठले. संमतिपत्राची शेवटची ओळ दाखवली: जिवाला धोका दिसल्यास गोपनीयतेचे बंधन राहणार नाही.

"जिवाला धोका नाहीये रे. एकदाच झालंय."

"तुझ्याच प्रश्नावलीत आहे. 'एकदाच झाले, असे याआधी कधी वाटले होते?'"

संशोधिका कठड्याला धरून उभी. म्हणाली: "मला कळतं मामा सगळं. खोल्यांवर जाऊन मुलींना मीच सांगते, की ही काळजी नाही, हा धाक आहे. मान डोलावतात बिचाऱ्या. आणि बाहेर आल्यावर मी आधी फोन चालू करते. आणि त्याला सॉरी लिहिते." मग: "पत्रिका छापल्यात. आईला काय सांगू, ज्याचा अभ्यास करते तेच घेऊन आले घरी?"

मजजवळ सुभाषिते पुष्कळ. ती बाजूस ठेवून संमतिपत्राची घडी घातली.

"तू बोलायचं नाहीस. शप्पथ."

शपथ घेतली नाही. मोडलीही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
ओंकार तिला खरेदीला नेण्यास आला. प्रथम वर येऊन माझ्या पाया पडला. मुखातून 'आयुष्मान भव' सवयीने निघून गेले. पोर देखणे आहे, नखे कुरतडलेली.

"मामा, तुम्ही सांगा ना तिला. फोन बंद का ठेवते? मला लई टेन्शन येतं हो. डोकंच चालत नाही मग."

"डोके चालत नाही तेव्हा काय चालते?" मी विचारले.

तो हसला. विनोदी मामा. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. खाली उतरताना त्याने जिन्यातूनच तिला हाक मारली, एकदा, आणि ती पदर सावरायच्या आधीच धावत निघाली.

खिडकीतून पाहिले. गाडीचे दार त्याने उघडून धरले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती जपतो बाई!"

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी ताईला सांगितले: मी केतकीला बोहल्यावर आणणार नाही. मंगलाष्टके लिहिणार नाही. कारण विचारू नकोस, मी वचनबद्ध आहे.

ताईला प्रथम थट्टा वाटली. मग रडली. "एकुलती एक भाची! अपशकुन करतोस? काय कमी पडलं तुझ्या मानात?" मी तोच नकार पुन्हा सांगितला.

सायंकाळी के. वर आली, रागाने लाल. "काय सांगितलंस आईला?"

"केवळ माझा नकार. तुझे एक अक्षरही नाही."

"ती विचारत बसलीये मला! मामा का येत नाही, मामा का येत नाही!"

"मग सांग तिला."

खुर्चीत बसली. फोन वाजला. वाजू दिला. पुन्हा वाजला. हातात धरून पाहत राहिली, जणू विंचू आहे आणि आपलाच आहे. मग बटण दाबून धरले. पडदा काळा झाला.

"विचार," म्हणाली.

"कोणाला? सुरेखाला?"

"नाही."

संमतीचा नि प्रश्नांचा कागद घेतला. चालीवर नाही, सरळ वाचला. तिने उत्तरे दिली. ती येथे लिहीत नाही. 'एकदाच' हा शब्द पुन्हा आला नाही. मध्ये खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, मग दीर्घ वाजला. तिचा हात फोनकडे गेला, परत आला. "मामा, पुढचा प्रश्न." गाडी कोणाची होती, आम्ही दोघांनी उठून पाहिले नाही.

आता ती खाली ताईपाशी आहे. दार लावलेले. आवाज येतात, शब्द येत नाहीत. एकदा ताईचा आवाज चढला.

फोन माझ्या मेजावर राहिला आहे, बंद. विसरली की ठेवून गेली, कळत नाही. पायऱ्यांवर पाऊल वाजले की मी दाराकडे पाहतो.