चार टोकांची वायर

श्री गुरु बसवलिंगाय नमः

मी, बंडप्पा शिवलिंगप्पा हत्तरगे, वय ७६, धंदा पूर्वी कापडदुकान, राहणार मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. ते नसते तर बरे झाले असते.

१. राहते घर माझ्या पश्चात पत्नी रुद्रम्मा हिच्याकडे तहहयात राहील. काचबिंदूने तिची दृष्टी गेली आहे. घरातली कोणतीही वस्तू तिला न सांगता जागेवरून हलवू नये. ती हाताने घर ओळखते. तिच्यानंतर घर नात सृष्टी हिचे.

सृष्टीची आई, माझी सून अर्पिता, हिने दुसरे लग्न केले, ते आमच्या संमतीने. त्यावरून तिला कुणी बोलू नये.

२. दुकानगाळा मुलगी शुभांगी, राहणार लोहारा, हिला. आठवड्याला एसटीने येऊन आमचे बघते ती तीच.

३. बैठकीतले ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि दोन स्पीकर. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

हा संच मी सोलापूरहून आणला तेव्हा मुलगा विरुपाक्ष शाळेत होता. रुद्रम्माचे डोळे गेल्यावर तिला तेवढाच विरंगुळा उरला. विरुपाक्ष बेंगळुरूला नोकरीला होता. "आईला आवाज आणखी स्वच्छ ऐकू यावा" म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधी त्याने भारी वायर पाठवली. उघडून पाहतो तर प्रत्येक वायरीला स्पीकरच्या बाजूला चार टोके. आमच्या स्पीकरला मागे जोडायच्या जागा दोनच, एक लाल, एक काळी.

मी फोन केला. "विरू, चुकीची वायर आली रे. दोन टोकं जास्तीची हायेत."

तो हसला. "अण्णा, ती जोडता येते. तुम्ही हात लावू नका, मी दिवाळीला येऊन जोडतो."

तो निघाला. आळंदच्या अलीकडे त्याच्या गाडीला ट्रकने धडक दिली. दिवाळी आमच्या घरात आली नाही.

माझा धाकटा भाऊ गुंडप्पा याने विरूच्या मातीच्या दिवशी चारचौघांत म्हटले, "वायर जोडायला बोलावून पोरगं घालवलं." मी बोलावले नव्हते. पण फोन मीच केला होता, हेही खरे. गुंडप्पास माझ्या मिळकतीतून काही नाही. माझ्या मातीलाही त्याला निरोप धाडू नये. आपणहून आला तर अडवू नये.

वायर खोक्यात तशीच पडली होती. यंदाच्या संक्रांतीनंतर रुद्रम्मा म्हणाली, "त्यानं पाठवलंय, तर जोडा की." मी नेमकी दोन टोके जोडली. उरलेली मोकळी टोके एकमेकांना लागली आणि मशीन बंद पडले. नशिबाने जळाले नाही. मग शुभांगीने मोबाईलवर शोधून सांगितले, "अण्णा, दोन्ही लाल एकत्र पिळा न् लालमधी घाला, दोन्ही काळ्या एकत्र काळ्यामधी. एवढंच हाय." खरोखर एवढेच होते. फोनवर सांगण्यासारखे.

वचनगायनाची सीडी लावली. रुद्रम्मा स्पीकरकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळाने मी विचारले, "कसं वाटतंय?"

ती म्हणाली, "पहिल्यासारखंच हाय की हो."

शुभांगीचेही तेच मत पडले. दोनच जागांच्या स्पीकरला ही वायर म्हणजे नुसती जाड वायर, आवाजात फरक पडत नाही, असे तिच्या वाचण्यात आले. ते तिने आईला सांगितले नाही. मीही सांगितले नाही. आईला ते आधीच कळले होते.

सबब, हा संच रुद्रम्माचा. वायर बदलू नये, टोके कापू नयेत. मशीन सुरू करायला तिला कुणी तरी लागते. आज मी आहे. माझ्यानंतर ही जबाबदारी शुभांगीने घ्यावी, किंवा आईला लोहाऱ्याला न्यावे. नेल्यास संच सोबत न्यावा. मंडळाला, मठाला देऊ नये.

४. माझी माती समाजाच्या रीतीने, विरुपाक्षाच्या शेजारी करावी. तिथली एक जागा मी सांगून ठेवली आहे. भजनाला कर्णा लावू नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभांगीने करावी. पूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे विरुपाक्षाच्या नावे होते.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमक्ष रुद्रम्माला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मी आधी गेले तर? तुमाला कोण हाय?"

त्या प्रसंगाची तरतूद करण्यास मी बसलो. ती मला सुचली नाही. ते कलम कोरे सोडून सही करतो.

ठिकाण : मुरुम
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२५

सही/- बंडप्पा शिवलिंगप्पा हत्तरगे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली :
१. सही/- राजशेखर मल्लप्पा कोरे, मुरुम
२. सही/- दगडोबा बजरंग माने, शेजारी, मुरुम