आई, टीव्हीसमोरून सरळ चाल

आई,
इथूनच पाया पडतो, पाठीत धपाटा उधार ठेव.

मी ठणठणीत आहे. जेवतो वेळेवर. खोली बरी आहे, फक्त खिडकी लागत नाही. डोकं मात्र तुम्ही फिरवलंय!

घरच्या टीव्हीला जोडलेल्या रेकॉर्डरवरची मॅच मला इथे मोबाइलवर दिसावी म्हणून बाबांना फोनवर सांगून सांगून सगळं जोडून घेतलं. घसा बसला माझा. आणि आता ताई म्हणते, मला दिसावं म्हणून तू मालिका सोडून मॅच लावून बसतेस, आणि झोपताना बाबा रेकॉर्डरच बंद करतात. मग मला दिसणार काय, कपाळ? अगं, उलटं करा. टीव्ही खुशाल बंद ठेवा, रेकॉर्डर चालू राहू दे.

आणि "आई, बाजूला सरक, मॅच दिसत नाही" ही फोनवर केलेली थट्टा होती गं! तेव्हापासून तू टीव्हीसमोरून वाकून जातेस म्हणे. कंबर कशी आहे? डॉक्टरकडे गेलीस का?

तुझी मालिका मी इथून रेकॉर्डला लावलीय. बाबांना बटणापासून लांब ठेव.

सरळ चाल, आई. इथून तू दिसत नाहीस. दिसली असतीस तर मॅच कोणी बघितली असती?

तुझाच,
कार्टा