वादळखाडीचे सहा खंड

४ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून रोजनिशी. आज जे घडलं ते कुठेतरी नोंदलं जायलाच हवं.

'वादळखाडी'च्या चौथ्या सीझनच्या डीव्हीडी परत करायला लायब्ररीत गेलो होतो. (तिसऱ्यांदा पाहून झाल्या.) काउंटरवर मेलिंडा पेल्टोला ही ग्रंथपाल होती. ती म्हणाली, ही मालिका ज्या कादंबऱ्यांवरून काढली त्या लिहिणाऱ्या विनिफ्रेड स्टोक्सबाई १८ ऑक्टोबरला कॅनडातल्या थंडर बे गावाहून आपल्या डुलुथला येणार आहेत. भर सभेत मुलाखत घ्यायची आहे, पण सहाही खंड वाचलेला माणूस गावात सापडत नाही.

मी म्हणालो, सापडला.

हे काही खोटं नव्हे. चाळीस भाग, प्रत्येकी तीन वेळा पाहिलेत. कथा तीच, माणसं तीच. दीपगृह सांभाळणारा कॅप्टन हार्लन, त्याची हट्टी बहीण मिंटा आणि मालिकेचा आत्मा म्हणजे त्यांचा कुत्रा सार्जंट. नुसती अक्षरं नजरेखालून घालायची राहिलीत. शिवाय एकतीस वर्षं मी या टेकडीवर पोस्टमन होतो. किती पुस्तकांची पार्सलं घरोघर पोचवली असतील! वाचनाशी आमचं नातं जुनं आहे.

मेलिंडाने माझं नाव काउंटरमागच्या फळ्यावर लिहिलं. ऑरिन सोल्बर्ग. फळ्यावर फार छान दिसलं.

५ सप्टेंबर

सहाही खंड घरी आणले. एकूण पानं ३८७२. दिवस ४४. रोज ८८ पानं. अगदी शेषही उरत नाही. हा शुभशकुन.

आर्डिसने (माझी बायको) खंड हातात घेऊन बघितले आणि विचारलं, हे सगळं तू वाचणार? मी म्हणालो, बघशीलच. तिला वाचनाची आवड नाही. तिचं आपलं विणकाम आणि चर्चच्या तळघरातली कॉफी.

आज वाचन नाही. दिवा योग्य जागी नव्हता.

६ सप्टेंबर

दिवा हलवला. आता खुर्ची चुकीच्या जागी वाटते.

७ सप्टेंबर, रविवार

खुर्ची हलवली. तिथून टीव्ही फार सुरेख दिसतो. संध्याकाळी सात वाजता पाचव्या सीझनचा पहिला भाग. सार्जंट बर्फाच्या लादीवर अडकला. मी उभा राहून पाहिला. हा अभ्यासाचाच भाग असल्याने आजची ८८ पानं वाचली असं धरलं.

९ सप्टेंबर, सकाळी १०

सुरुवात! पहिला खंड, पान १.

सकाळी १०.२०

पान ६. अजून धुकंच चाललंय. मालिकेत हे धुकं चार सेकंदांत आटोपलं होतं.

दुपारी १

डोळा लागला होता. बाईंची शैली संथ आहे. मुलाखतीत सौम्य शब्दांत सुचवावं.

१३ सप्टेंबर

वाचून झालेली पानं २२. राहिलेले दिवस ३५. म्हणजे आता रोज ११०. पुन्हा शेष नाही! गणित माझ्या बाजूने आहे.

पहिला खंड दोन दिवस सापडत नव्हता. शेवटी कपडे धुवायच्या मशीनवर मिळाला. आर्डिसला विचारलं तर म्हणाली, धूळ पुसत होते. पान ३४० मध्ये तिची बाजाराची यादी खुणेसारखी घातलेली होती. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकात बटाटे आणि मशरूम सूपचे डबे! काढून टाकली. दुपारी बघतो तर ती यादी पुन्हा आत, पान ३९१ मध्ये. पण बाईमाणसाला या वयात काय बोलणार.

१७ सप्टेंबर

आर्डिसची ओव्हनमधली बटाट्यांची हॉटडिश करपली. वरचे बटाटे अक्षरशः कोळसा. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. ओव्हनची घंटा वाजत होती आणि आर्डिस दोन हातांच्या अंतरावर बसून होती, मांडीवर दुसरा खंड. म्हणाली, ऐकूच आली नाही. कानांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला हवी.

मी करपलेलं निमूट खाल्लं. मोठ्या कामात असलेल्या माणसाने घरच्यांशी उदार असावं.

२० सप्टेंबर

शेजारचा डुएन गवत कापत होता. त्याला कुंपणावरून पाऊण तास साहित्य समजावून सांगितलं. म्हणालो, टीव्ही पाहणं वेगळं आणि वाचणं वेगळं, वाचताना माणूस आत उतरतो. त्याने विचारलं, सध्या कुठवर आलास? मी म्हणालो, आकड्यांत मोजायची गोष्ट नाही ती. त्याने मशीन पुन्हा चालू केलं. बहुधा भारावला असावा.

पानं: ३१.

२४ सप्टेंबर

आर्डिस मोरीपाशी उभी राहून डोळे पुसत होती. कांदा का, विचारलं. हो म्हणाली. नंतर पाहिलं तर घरात कांदाच नाही. कट्ट्यावर तिसरा खंड उघडा पडला होता, पानांवर पाण्याचे थेंब. लायब्ररीचं पुस्तक आहे, ओल्या हाताने हलवू नकोस, असं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, मिंटाने ते पत्र न फोडताच परत पाठवलं, ऑरिन. तू असतास तर काय केलं असतंस?

मी म्हणालो, पुढचं सांगू नकोस, माझी लय बिघडते.

तिला पत्राचं कसं कळलं? वेष्टनावर मागे लिहिलेलं असणार.

२८ सप्टेंबर, रविवार

चौथा भाग. सार्जंटने हार्लनला तळघरातून वास घेत शोधून काढलं. मी टाळ्या वाजवल्या. आर्डिस म्हणाली, हे असं नाहीच आहे. मी विचारलं, कसं नाही? तेवढ्यात जाहिराती संपल्या म्हणून तिला गप्प केलं.

नंतर ती आपण होऊन वरच्या खोलीत गेली. मालिका अर्धी टाकून! हिच्यात चिकाटी नाही.

४ ऑक्टोबर

पानं ६४. दिवस १४. रोज २७२. अजूनही शेष नाही, पण आता मला ते पूर्वीइतकं आवडत नाही.

नवा विचार. वाचण्याचा हट्ट का? ऐकावं. लायब्ररीतून सहाही खंडांच्या सीडी आणल्या. मेलिंडा म्हणाली, पुन्हा एकदा उजळणी का? मी गंभीरपणे मान हलवली.

९ ऑक्टोबर

वाचणाऱ्या गृहस्थाचा आवाज ऊबदार आहे. दुसरा खंड पूर्ण झोपेत झाला, पाचवा बराचसा. झोपेत ऐकलेलं मनात खोल उतरतं असं मला वाटतं. सकाळी उठलो तेव्हा 'शिडाचं कापड' हे शब्द माझ्या ओठांवर होते. कुठून आले? तिथूनच.

१२ ऑक्टोबर

प्रश्न तयार. एकोणीस. त्यांतले चौदा सार्जंटवर. खोलात जायचं तर एकाच पात्रात जावं.

आर्डिसने यादी वाचली. मग म्हणाली, कुत्र्याचे प्रश्न गाळ ना. मी तिला प्रेमाने समजावलं की साहित्य हा प्रत्येकाचा प्रांत नसतो. तिने विचारलं, मी काही मदत करू? कॉफी कर म्हणालो. तिने केली. कप जरा जोरात ठेवला.

१५ ऑक्टोबर

कोपरांवर चामडं लावलेलं जाकीट घेतलं. आरशात पाहिलं. सहा खंड वाचलेला माणूस नेमका असाच दिसतो.

१८ ऑक्टोबर, सकाळी ८

आज. मन शांत. सहाव्या खंडाचं शेवटचं पान वाचून ठेवलं. त्यातल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही. मालिकेत ती माणसं अजून यायची असतील.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल लिहिलं नाही. आज लिहितो. घडलं तसं.

दीडशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. डुएनसुद्धा आला होता. स्टोक्सबाई ऐंशीच्या पुढच्या, बुटक्या, पायात रबरी बूट, हातात काठी. मी त्यांचं स्वागत केलं, कोपर दिसेल असं बसलो आणि पहिला प्रश्न विचारला. सार्जंट म्हणजे हार्लनची सदसद्विवेकबुद्धी, की त्याही पलीकडचं काही?

बाई म्हणाल्या, "कोण सार्जंट?"

मी म्हणालो, कुत्रा. तपकिरी. एक कान दुमडलेला.

"मी टीव्ही पाहत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या सहा खंडांत कुत्रा नाही. तुम्ही नेमकं काय वाचलंत, मिस्टर सोल्बर्ग?"

हातातल्या कागदावर पाहिलं. दुसरा प्रश्न सार्जंटचा. तिसरा सार्जंटचा. चौथा त्याच्या कानाचा. मेलिंडा छताकडे पाहत होती. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, शिडाचं कापड. माझ्याच जाकिटाच्या आत मी कुठेतरी दिसेनासा झालो होतो.

तेव्हा चौथ्या रांगेत आर्डिस उभी राहिली. ही बाई चर्चच्या मीटिंगमध्ये साखर मागायलाही उठत नाही.

"कुत्रा आहे, बाई," ती म्हणाली. "चौथ्या खंडात. मिंटाची बोट सुटते तेव्हा धक्क्यावर एक कुत्रं भुंकत राहतं. त्याला नाव नाही. एकच वाक्य आहे. पण मिंटा मागे वळून बघत नाही, म्हणून ते भुंकणं आपल्यालाच ऐकावं लागतं. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं होतं. दोन दिवस उघडवेना."

स्टोक्सबाईंनी चष्मा काढला. काचा पुसत राहिल्या.

"ते माझं कुत्रं होतं," त्या म्हणाल्या. "मी घर सोडलं तेव्हाचं. तीस वर्षांत त्याबद्दल कोणी विचारलं नाही." मग काठीने माझ्या खुर्चीकडे खूण करून म्हणाल्या, "इथे या. बसा माझ्याजवळ."

स्टेजवर खुर्च्या दोनच होत्या. मी उठलो. आर्डिसचे गुडघे दुखतात, तिला बाईंच्या जरा जवळ बसता यावं म्हणून खुर्ची उचलून पुढे सरकवून दिली आणि खाली तिच्या जागेवर जाऊन बसलो. तिचं विणकाम तिथेच होतं. ते मांडीवर घेतलं.

सव्वा तास बोलल्या दोघी. पत्राबद्दल, धुक्याबद्दल, हार्लन इतका कडू का झाला त्याबद्दल. लोक हसत होते, मधेच गप्प होत होते. आर्डिस हात हलवून बोलत होती. मी तिला असं बोलताना बेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. किंवा ती बोलली असेल आणि तेव्हा जाहिराती संपल्या असतील.

परत येताना गाडी तिने चालवली. लेक सुपीरियरकडे उतरणाऱ्या रस्त्यावर म्हणाली, "एकेक खंड संपला की वाटायचं, आता तू त्याच पानावर येशील आणि आपण बोलू. मी वाट बघायचे."

मला काहीतरी चांगलं सुचायला हवं होतं. मी म्हणालो, मला वाटलं तू धूळ पुसतेयस.

ती हसायला लागली. इतकी, की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली. सहा खंड, म्हणायची, सहा खंड धूळ. आणि पुन्हा सुरू. मग मलाही आवरेना. मागून येणाऱ्या एका माणसाने थांबून विचारलं, गाडी बंद पडली का?

आज संध्याकाळी सात वाजता मालिका होती. टीव्ही लावला नाही. ठरवून नाही, आर्डिस पहिल्या खंडातलं धुकं मोठ्याने वाचून दाखवत होती. तिच्या आवाजात ते तितकंसं लांब नाही. मी शेवटपर्यंत जागा होतो. म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पेपरात फोटो आला. चांगला मोठा, तीन कॉलम. मी सकाळी फाटकापर्यंत चपला न घालता गेलो.

स्टोक्सबाई आणि आर्डिस हात हातात घेऊन उभ्या आहेत, मागे मी. खाली छापलंय: "कादंबरीकार विनिफ्रेड स्टोक्स आणि चोखंदळ वाचक आर्डिस सोल्बर्ग. मागे खुर्ची हलवताना लायब्ररीचा कर्मचारी."

दुरुस्ती छापावी म्हणून संपादकांना पत्र लिहायला बसलो. मायना छान जमला. पण 'मी कर्मचारी नसून' याच्यापुढे काय लिहावं ते दुपारपर्यंत ठरेना.

तोवर आर्डिसने कात्रण कापून फ्रिजवर लावलं. मला वाटलं, माझ्या बाजूची कड ती मागे दुमडेल. नाही दुमडली. डोकं जरा तिरकं करून बघत म्हणाली, खुर्ची मात्र तू छान धरली आहेस.