गाडीची डावी बाजू

बाबा,

आज रविवार. कंपाउंडमध्ये ऊन उतरायच्या आत तुमची गाडी धुतली. बादलीभर पाणी, शॅम्पूची पुडी, जुना टूथब्रश, सगळं तुमच्यासारखंच. लेक शेजारी उभी होती. तिला गेल्या महिन्यात लायसन्स मिळालं आणि आता तिला गाडी चालवायची घाई झाली आहे. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं आणि म्हणाली, "आई, ही एकच साइड अशी पांढरी का गं? तिकडचं प्लास्टिक काळंकुळकुळीत आणि इकडचं राखेसारखं. ठोकली होतीस का कुठे?" मी म्हटलं, "ऊन लागलं." ते खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही. उरलेलं सोळा वर्षं कोणालाच सांगितलेलं नाही. तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हणून तिची एक जुनी वही घेऊन बसले आहे.

गाडी तशी साधीच. सगळ्यात खालचं मॉडेल, त्यामुळे बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची कवचं, वायपरखालची जाळी, सगळं न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकचं. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यात, आधी गिरणीच्या साहेबांची, गिरणी बंद पडल्यावर दादरच्या एका डॉक्टरांची, आणि रिटायर झाल्यावर ही एवढीशी गाडी स्वतःच्या नावावर घेतलीत. आई तोवर गेली होती. घरात तुम्ही, मी आणि खाली भिंतीला लागून उभी असलेली गाडी. "पत्रो कोणय पुसता," तुम्ही म्हणायचात, "गाडी कोणाच्या हातात आसा, तां प्लास्टिक बघून कळता." आणि मग तुम्ही उकिडवे बसून ब्रशने त्या प्लास्टिकच्या बारीक दाण्यादाण्यातली धूळ काढायचात. धुऊन झाल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, ओल्यावर काही लावायचं नाही. मग त्या दुधासारख्या पांढऱ्या पॉलिशचे चार थेंब स्पंजवर घ्यायचे, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता हात न्यायचा, चहा पिऊन यायचं, आणि जे मुरलं नसेल ते जुन्या गंजीफ्रॉकने टिपून काढायचं. हे टिपून काढणं लोक विसरतात, असं तुमचं म्हणणं होतं. मला त्या वयात या सगळ्याचा भयंकर कंटाळा यायचा. लोकांचे वडील रविवारी मटण आणतात आणि झोपतात, माझे वडील बंपरला मालिश करतात, असं मी ऑफिसात सांगायचे.

पॉलिशपेक्षाही तुमचा विश्वास होता तो गाडी फिरवण्यावर. आपल्या कंपाउंडमध्ये एका बाजूला भिंतीची सावली आणि दुसऱ्या बाजूला दुपारपासून संध्याकाळपर्यंत पश्चिमेचं ऊन. एकाच तोंडाने गाडी उभी राहिली तर एकच बाजू भाजून निघणार. म्हणून दर रविवारी तुम्ही गाडी बाहेर काढायचात, गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचात, परळपर्यंत जाऊन वळून यायचात आणि उलट्या तोंडाने लावायचात. या आठवड्यात डावी बाजू उन्हात, पुढच्या आठवड्यात उजवी. शेजारचे काका गॅलरीत दात घासत तुमची वाटच बघत असायचे. "काय रे, दर आयतवारी भाकरी परतल्यासारखी गाडी काय परततस?" असं ते वरून ओरडायचे, आणि तुम्ही खिडकीची काच खाली करून सांगायचात, "एक बाजू करपता रे, म्हणान परततंय." सगळी चाळ हसायची. तुम्ही हसायचा नाहीत. तुमच्या दृष्टीने ती चेष्टेची गोष्टच नव्हती.

एका दसऱ्याला मी तुम्हाला खूश करायचं ठरवलं. आदल्या दिवशी तुम्ही झेंडू आणायला दादरला गेला होता. कपाटातली खोबरेल तेलाची बाटली घेऊन मी खाली आले आणि सगळं प्लास्टिक तेलाने चोळून काढलं. काय चमकलं होतं बाबा! आपल्याकडे कशालाही खोबरेल लावतात, केसांना, भाजल्याला, दाराच्या बिजागरीला, मग बंपरने काय घोडं मारलंय, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी काका म्हणालेसुद्धा, नवी घेतली काय रे. पण समोर गिरणीच्या जागेवर टॉवरचं काम चालू होतं. दोन दिवसांत त्या सिमेंटच्या धुळीचा, हळदीकुंकवाचा आणि झेंडूच्या पाकळ्यांचा एक थर तेलावर चिकटून बसला. तुम्ही बोट फिरवलंत, नाकाशी नेलंत आणि अख्ख्या चाळीसमोर माझ्यावर ओरडलात. "गाडी आसा ती, तुझी वेणी न्हय! तेल लावून काळां दिसता, काळां होणा नाय." मग दुपारभर मला शेजारी बसवून, पुडीमागून पुडी फोडून तुम्ही ते सगळं धुवायला लावलंत. मी रडत होते आणि घासत होते. संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी कुल्फी आणलीत. ती मी रागाने खाल्ली नाही, काकांना दिली.

त्याच वर्षी तुम्ही मला गाडी शिकवलीत. सकाळी वरळीला समुद्राकडचा रस्ता मोकळा असतो, तिथे. तुम्ही चांगले सहा फुटाला टेकलेले, मी आईसारखी बुटकी. मी चालवायला बसले की तुम्ही सीटखालची दांडी ओढून सीट पार पुढे आणायचात, आरसा खाली वाकवायचात, आणि "आता हिका रस्तो दिसात," असं रस्त्यालाच सांगायचात. माझा धडा संपला की सीट परत शेवटच्या खाचेत, खट्ट असा आवाज होईपर्यंत. आरसा लावायला तुम्हाला पाच मिनिटं लागायची. मी म्हणायचे, एवढं काय, आणि तुम्ही म्हणायचात, गप बस. मला गाडी चांगली यायला लागली. गल्लीतून रिव्हर्ससुद्धा यायला लागला. हे आत्ताच लिहून ठेवते, पुढे लागणार आहे.

माझं लग्न झालं, आम्ही अँटॉप हिलला सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो, लेक झाली. ती तीन-चार वर्षांची असताना एका सकाळी काकांचा फोन आला. तुम्ही मोरीत पडला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी लेकीला घेऊन इथे आले ती इथलीच झाले, मागून तिचे बाबाही आले. तुमची खाट आतल्या खोलीत, तिथून कंपाउंड दिसत नाही, फक्त पलीकडच्या चाळीची भिंत दिसते. पहिल्याच रविवारी तुम्ही डाव्या हाताने मला जवळ बोलावलंत आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं विचारलंत, "गाडी... फिरवलंस गो?"

मी "हो बाबा" म्हटलं. फिरवली नव्हती. खाली जाऊन, बाहेर उभ्या उभ्याच खिडकीतून हात घालून चावी फिरवली होती, बॅटरी उतरू नये म्हणून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं होतं आणि वर आले होते. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. आठ महिने. घरात मी कारणं सांगायचे, गल्लीत बाइक लावलेल्या असतात, लेक एकटी राहत नाही, तुम्हाला खाऊ घालायची वेळ होते. एकदा काका तुमच्या उशाशी बसलेले असताना तुम्ही विचारलंत. मी "हो" म्हटलं आणि काकांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्या गॅलरीतून गाडी रोज दिसत होती. ते म्हणाले, "होय रे, फिरवल्यान तुझ्या चेडवान. बघलंय मी." तुम्ही डोळे मिटलेत.

मग तुमच्या छातीत कफ साठला आणि तुम्हाला हॉस्पिटलात हलवलं. घाईत, खुर्चीवर बसवून, चौघांनी उचलून. तुमचे डोळे मिटलेले होते. त्या दिवशी खुर्चीमागून जाताना मी पहिल्यांदा गाडीची डावी बाजू नीट पाहिली. बंपरची कड, दोन्ही दारांच्या पट्ट्या, आरसा, सगळं पांढरट, चरबरीत. आठ महिन्यांचं ऊन एकाच बाजूने खाल्लेलं. दहा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय ते मला कळत होतं. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात एकच होतं, बाबा खुर्चीवरून गाडीशेजारून जाणार आणि त्यांना दिसणार. पॉलिशची बाटली कधीच वाळून गेली होती. मी खोबरेल घेऊन खाली गेले.

रविवारच होता. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी थांबली, खुर्ची कंपाउंडमधून आली, आणि गाडीपाशी तुम्ही म्हणालात, "रवा." खुर्ची उचलणारी चाळीतली मुलं थांबली. तुम्ही डावा हात लांब केलात आणि दारावरच्या पट्टीवरून बोट फिरवलंत. बोट डोळ्यांसमोर धरलंत. नाकाशी नेलंत. मी तिथेच उभी होते बाबा, हातात तुमच्या औषधांची पिशवी, आणि मला वाटलं आता तुम्ही ओरडणार. ओरडला असता तर किती बरं झालं असतं. तुम्ही तो हात सावकाश डोक्यावर नेलात आणि ते तेल आपल्या पांढऱ्या केसांवरून फिरवलंत, आंघोळीआधी फिरवायचात तसं, पुढून मागे. मग मुलांना म्हणालात, "चला." संध्याकाळी पेज भरवताना तुम्ही विचारलंत, "आयतवार मां आज? फिरवलंस?" तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तरी मी "हो बाबा" म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "बरां केलंस." चार दिवसांनी तुम्ही गेलात.

तेव्हापासून मी एकही रविवार चुकवलेला नाही. धुणं, वाळवणं, पॉलिश, टिपून काढणं, आणि परळपर्यंत जाऊन गाडी परतणं. आता गॅलरीतून ओरडायला काकाही नाहीत. डाव्या बाजूसाठी मी काय काय करून पाहिलं. एकाने गरम हवा मारून काळं करून देतो म्हणून सांगितलं, एकाने सरळ रंग मारा म्हटलं. ज्याच्याकडून पॉलिश घेते तो दुकानदार मात्र पट्टीवर नख ओढून म्हणाला, "मॅडम, ऊपर का लेयर जळून गेलाय. पॉलिश लावाल तर चार दिवस काळं दिसेल, फिर वैसेच. आहे ते सांभाळा." मी सांभाळते आहे. त्या बाजूला पॉलिश दर रविवारी मुरतं, आठवड्याच्या आत पुन्हा पांढरं होतं, आणि दर वेळी मला ते तेवढंच टोचतं.

आज धुऊन झाल्यावर लेकीने चावी मागितली. दार उघडून सीटवरच्या दोन उशा तिने बाहेर काढल्या. पाठीशी उशा घेऊन चालवते म्हणून घरात माझी थट्टा होतेच. ती म्हणाली, "सीट पुढे घ्यायची सोडून हे काय गं आई?" मी म्हटलं, "जाम झालीये ती. सरकत नाही." ती बसली. बाबा, ती तुमच्यावर गेली आहे, लांबच लांब. पाय पसरून तिने क्लच दाबून पाहिला, आरशात बघितलं आणि म्हणाली, "मला तर एकदम बरोबर आहे. हलवायलाच नको." आणि गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा तिने गाडी उलट्या तोंडाने लावली होती, पांढरी बाजू भिंतीकडे. मी तिला तसं काही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "त्या बाजूला किती ऊन लावशील?"

ती वर आंघोळीला गेली आहे आणि मी खाली गाडीत बसून हे लिहिते आहे. ही पानं डॅशबोर्डच्या कप्प्यात जातील, गाडीच्या कागदांखाली, तुमच्या गंजीफ्रॉकच्या तुकड्याशेजारी. त्या आठ महिन्यांत मी गाडी एकदाही फिरवली नाही. मला येत होती, वेळ होता, बाइकसुद्धा बाजूला करता आल्या असत्या. पण फिरवायची म्हणजे सीट पुढे घ्यावी लागली असती, उशांचं तेव्हा सुचलंच नाही, आणि तुम्ही वर खाटेवर असताना मला तुमची खाच सोडता येईना. मला वाटायचं, मी ती सोडली की तुम्ही परत खाली येणार नाही. एवढंच. सीट जाम नाहीये बाबा. आत्ताच दांडी ओढून पाहिली, लगेच सुटली. मी ती पुन्हा शेवटच्या खाचेत बसवली, खट्ट आवाज होईपर्यंत.