बापूरावांनी नागपूरहून आणलेली मेमरी

धानोरा,
१२ मार्च १९८९

आदरणीय वामनभाऊंना,

धाकट्या बहिणीचा, मनकर्णाचा सप्रेम जयभीम. चामोर्शीच्या शाळेच्या पायऱ्या तुमचा गुडघा आता चढू देतो की अजून मुलांनाच खाली बोलावून शिकवता? वहिनींचा खोकला थांबला असेल असं धरून चालते. इकडे आई, मी आणि शेळी मजेत. बाबा जरा कमी मजेत (शेळीनं त्यांचा नवा टॉवेल खाल्ला).

मागच्या पत्रात आमच्या तेंदूपत्ता सहकारी सोसायटीतल्या कॉम्प्युटरबद्दल लिहिलं होतं. नागपूरच्या कचेरीचा वापरून झाला, तेव्हा आमच्याकडे आला. तीन महिने खपून मी त्यात अकरा गावांतल्या तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची नावं भरली. जुन्या वह्या तेवढ्यात वाळवीनं संपवल्या, म्हणजे नावं आता त्या डब्यातच. शुक्रवारी नागपूरचे साहेब तपासायला येणार होते. डबा चालत नसेल तर उचलून परत नेणार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

हे कळल्यावर गप्प बसतील ते बापूराव कसले! (आमचे मॅनेजर. मळणीयंत्रापासून जीपपर्यंत सगळं स्वतः खोलतात. लावायला मिस्त्री बोलवावा लागतो.) साहेबांवर छाप पडावी म्हणून ते नागपूरहून जादा मेमरी घेऊन आले, चक्क काडीपेटीत घालून. नऊ काळे तुकडे, प्रत्येकाला दोन्हीकडून आठ-आठ पाय. मंगळवारी त्यांनी ते डब्यात ठोकून बसवले आणि बटण दाबलं. पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे भराभर चढले, पाचशे बारावर पोचले आणि तिथंच थिजले. बंद करा, चालू करा, पुन्हा पाचशे बारा.

मी म्हटलं, नवीन बसवलेलं काढून बघू. बापूरावांना ते लागलं. "नव्या सामानाले दोष देऊ नोका, मनकर्णाबाई. जुनं दुखणं असन त्याचं!" मग त्यांनी डब्यावर पंखा लावला, टेबल भिंतीपासून सरकवलं, पाल हाकलली. बुधवारी नागपूरला फोन लावला. तिकडच्या माणसानं विचारलं, हल्ली काही बदललं का? बापूराव (माझ्याकडे पाठ करून) म्हणाले, "काहीच नाई जी." शेवटी दोष विजेचा ठरला आणि गुरुवारी सकाळच्या बसनं ते स्टॅबिलायझर आणायला गडचिरोलीला गेले.

ते गेले आणि सुकरीबाई आल्या, जंगलातून दोन कोस चालत. मागचे दोन हंगाम पानं त्या तोडायच्या, पण कार्डावर नाव 'चैतूची बायको'. यंदा मी त्यांचं नाव 'सुकरी' असं घातलं होतं, ते बघायला आल्या होत्या. कॉम्प्युटर बिघडलाय म्हटल्यावर त्या उठतील असं वाटलं, तर त्या उलट बूड टेकून बसल्या. "तं दुरुस्त कर ना. मी थांबतो."

आता काय करणार? प्लग काढला, स्क्रू काढले, झाकण उघडलं. मला सगळे तुकडे सारखेच दिसत होते. सुकरीबाई मात्र मोहाच्या फुलांतला खडा हुडकावा तशा वाकल्या आणि एकावर बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या किड्याचा पाय मुडला आहे, बाई."

खरंच, एक पाय भोकात न जाता बाहेरच दुमडला होता! केसातली पिन काढून मी तो तुकडा उचकटला, पाय सरळ केला आणि परत बसवला. बटण दाबलं. पाचशे बारा... आणि भाऊ, आकडे पुढे गेले! सहाशे चाळीसवर थांबून डबा गुरगुरला आणि यादी उघडली. सुकरीबाईंना वाचता येत नाही. मी एकेका अक्षराखाली बोट धरून त्यांचं नाव वाचलं. त्यांनी ते तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "चैतू कुठी आहे?" म्हटलं, तुमच्या खाली. खूप हसल्या.

संध्याकाळी बापूराव स्टॅबिलायझर कवटाळून आले, जोडला, डबा सुरू झाला, आणि ते म्हणाले, "पाहा! मी म्हणतच होतो." मी केसातली पिन नीट खोचली. शुक्रवारी साहेबांनी स्टॅबिलायझरची फार तारीफ केली, पण डबा इथंच राहिला.

गुडघ्याला जपा. वहिनींना जयभीम आणि पिंकीला गोड पापा.

तुमची,
मनकर्णा

ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं. यादी पाहून साहेबांनी मला दोन महिन्यांच्या कॉम्प्युटर शिक्षणासाठी नागपूरला बोलावलंय. बाबा म्हणतात, एकटी पोरगी कुठी राह्यन? तुम्ही रविवारी येऊन त्यांना समजवाल का?

ता. क. दुसरा. अर्जावर घरच्या वडीलधाऱ्यांची सही हवी होती आणि अर्ज कालच पाठवायचा होता. कोणी विचारलं तर ती सही तुमचीच आहे. तुमचा 'वा' मला फार छान जमतो.