रिकामा प्रोसेसर आणि सासूबाईंचा गुडघा

सोमवार, ३ फेब्रुवारी
सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मेहुणा तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. म्हणून येत्या रविवारपासून त्यांचा मुक्काम आमच्याकडे, लहान खोलीत. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत! सौ.चं म्हणणं, ती खोली रात्रभर भट्टीसारखी तापते. रविवारपर्यंत कॉम्प्युटरचा खोका थंड झाला नाही तर माळ्यावर जाईल. रात्री सरळ बंद का करत नाही, असंही विचारून झालं. बंद करणं कुणालाही जमतं. माझा कॉम्प्युटर वर्षभर बंद झालेला नाही, हे मी मेहुण्याला चारचौघांत ऐकवलंय. शिवाय तो घरचा सर्व्हर आहे. आमचे फोटो कुणालाही, कुठूनही, कधीही पाहता यावेत ही सोय. अजून कुणी मागितलेले नाहीत, तो भाग वेगळा.
संकल्प: रात्री रिकामा बसलेला प्रोसेसर ३५ अंशांवर आणणे. रिकामा आहे तर तापतो कशाला?

मंगळवार, ४ फेब्रुवारी
तापमान दाखवणारा प्रोग्राम टाकला. स्क्रीनभर काटा, मागे हलत्या ज्वाळा. देखणा आहे. ५८ अंश.

बुधवार, ५ फेब्रुवारी, सकाळ
रात्री काय घडतं ते कळावं म्हणून दुसरा प्रोग्राम. दर सेकंदाला रंगीत आलेख काढतो. आता ६३. म्हणजे पहिला खोटं बोलत होता. तरी मला शंका होतीच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
खोका उघडला. त्यासाठी बंद करावा लागला. देखभालीसाठी बंद केलेलं बंद धरत नाहीत. मेहुण्याला सांगायची गरज नाही.
प्रोसेसर आणि पंख्याच्या मध्ये एक पेस्ट असते, उष्णता खेचून घेणारी. ती वाळली होती. नवी कणभर लावा, असं ट्यूबवर लिहिलंय. चिक्कू लोक! मी सढळ हाताने लावली. जोडणी झाल्यावर एक स्क्रू उरला. कंपनी जास्तीचे देत असणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
काम नसेल तेव्हा प्रोसेसरने वेग कमी करून डुलकी घ्यावी, अशी सेटिंग शोधून चालू केली. डुलकी घेतो का हे बघायला तिसरा प्रोग्राम. तो रात्रभर स्क्रीनचं रेकॉर्डिंग करतो. एवढी तयारी आजवर कुणी केली नसेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी
७१. अर्धा दिवस रजा काढून रेकॉर्डिंग पाहिलं. काटा हलताना दिसतो. सौ. म्हणाली, रोगापेक्षा इलाज भयंकर.
उद्याचं ठरवायला मेहुण्याचा फोन. एका मित्राची अडचण म्हणून विषय काढला. त्याचं मत: मित्राला सांगा, ते मोजणारे प्रोग्रामच प्रोसेसरला झोपू देत नाहीत. आजारी माणसाला सारखं हलवून विचारायचं, झोप लागली का, तसलाच प्रकार. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मोजल्याशिवाय कळणार कसं?
या तिघांवर नजर ठेवायला चौथा प्रोग्राम टाकला.

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळी काटा ७३ वर. सासूबाई आल्या. सौ.ने खोक्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मेहुणा न सांगता शेजारून शिडी घेऊन आला. एवढा उत्साह एरवी कुठे असतो? सासूबाईच म्हणाल्या, जावईबापूंनी जीव लावलाय, एक रात्र राहू दे. देवमाणूस.

सोमवार, १० फेब्रुवारी
जिंकलो! खोक्याची गरम हवा रात्रभर सासूबाईंच्या गुडघ्यावर येत होती. छान शेक बसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गाढ झोपल्या. खोका आहे तिथेच राहणार, त्याला हात लावायचा नाही, हे सौ.ने स्वतः जाहीर केलं.

सोमवार, संध्याकाळ
मेहुण्याने फोनवर विचारलं, शेगडी कशी आहे. शेगडी! मलाही स्वाभिमान आहे. विचार करता करता आपोआप सुचलं: चारही प्रोग्राम काढून टाकावेत. मेहुणा म्हणाला ते वेगळं, हे वेगळं. काढले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
३४!! तापमान कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये मुळातच दिसतं, हे आज कळलं. घरभर सांगितलं. कुणी अभिनंदन केलं नाही. सासूबाईंचा गुडघा आखडलाय, रात्र बसून काढली. सौ.ने एवढंच विचारलं, काय केलंत? मी सविस्तर सांगितलं. ती ऐकत होती असं वाटलं, पण ती चपला घालत होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी
सौ.ने शेकायची रबरी पिशवी आणली. प्रोग्राम परत टाकतो, दहा मिनिटांत ७३ करून देतो, असं मी सुचवलं. विनवलं म्हटलं तरी चालेल. सौ.चं म्हणणं, पिशवी घरघर करत नाही. आणि खोका तापणारच नसेल तर खोलीत ठेवायचा कशाला? मेहुण्याने शिडी धरली. मीच वर चढवला.
माळ्यावर वायर पोचत नाही. तापमान अंदाजे २६. विजेचा वापर शून्य. संकल्पापेक्षा नऊ अंशांनी सरस.
संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारली. पडून पडून कंटाळा येतो म्हणाल्या. जावईबापू, कॉम्प्युटरमधले तुमचे ते सगळे फोटो जरा दाखवता का?

कुणीतरी पहिल्यांदाच मागितले.